फक्की, सनद आणि ६०० मीटर

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) झालीय, सेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करतेय. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पर्मनंट व्हायला किती वर्षं लागली?" मी म्हटलं, पंधरा. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "नेमकं काय काय लागतं ते तरी लिहून द्या." म्हणून बसले लिहायला.

माझ्या पदाचं कागदावरचं नाव शारीरिक शिक्षण संचालक. कॉलेजात कुणी पी.डी. म्हणतं, कुणी फिजिकल डायरेक्टर. मुलांच्या लेखी मी खेळाच्या मॅडम. नाव काहीही घ्या, काम एकच: कॉलेजचे जितके संघ तितक्यांची कोच तुम्हीच. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, क्रॉसकंट्री, कुस्ती, बुद्धिबळ, बॅडमिंटन, आणि एखाद्या वर्षी एखादा पोरगा धनुष्यबाण घेऊन आला की तिरंदाजीसुद्धा.

मी मूळची खो-खोची. आमच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मुलीनं खो-खो खेळणं यात कुणाला नवल वाटत नाही. १९९८ ते २००१ कॉलेजकडून खेळले, १९९९ला विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. परत येताना प्रत्येकीला एक प्रमाणपत्र मिळालं, ते मी घडी घालून आईच्या पत्र्याच्या पेटीत टाकलं. त्या घडीची किंमत वीस वर्षांनी कळली.

बी.पी.एड. आणि एम.पी.एड. अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ सालची संस्था. तिथं पहाटे पाचला शिट्टी वाजायची आणि मल्लखांबापासून पोहण्यापर्यंत सगळ्यात अंग घालावं लागायचं. तेव्हा वैताग यायचा, एका खेळात धड होऊ देत नाहीत म्हणून. पुढे पोट त्याच्यावरच भरलं.

जुलै २००५मध्ये एका तालुक्याच्या कॉलेजात लागले. मानधन महिना ३,००० रुपये, तेही दहा महिन्यांचं. उन्हाळ्यात काही नाही. जागा अनुदानित होती पण भरायला परवानगी नव्हती, म्हणून संस्था स्वतःच्या खिशातून देत होती. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी स्टोअरची किल्ली दिली. आत एक फाटकं व्हॉलीबॉल नेट, दोन गोळे, एक भाला (टोक नसलेला) आणि उंदरांनी पोखरलेलं फक्कीचं, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीचं, पोतं.

मैदान आखायचं मी आणि शिपाई मामांनी. दोरी, चार खिळे, टेप. मामांचा डोळ्यावर भरवसा. "सरळच आहे की मॅडम." पहिल्या आठवड्यात आखलेलं कबड्डीचं मैदान इतकं तिरकं होतं की दुसऱ्या कॉलेजचे सर बघून नुसते हसले आणि टेप मागून घेतला. १३ बाय १०च्या मैदानाचा कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर यायला हवा, दोन्हीकडून सारखा. मुलींचं १२ बाय ८, कर्ण १४.४२. व्हॉलीबॉल १८ बाय ९, कर्ण २०.१२. त्यांनी सांगितलेले हे आकडे मी स्टोअरच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवले. तुम्हीही लिहून ठेवा. कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

खरी पंचाईत कबड्डीची. आमच्या भागातली पोरं कबड्डी आईच्या पोटातून शिकून येतात, आणि त्यांना शिकवायला खो-खोची बाई. पहिल्या सरावाला मी पुस्तकातलं काहीतरी बोलत होते. एका वाडीवरचा पोरगा, डावा कोपरा खेळायचा, अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, चढाईवाल्याच्या हाताकडं नाय बघायचं. हात फसवतोय. कंबर बघा, कंबर खोटं बोलत नाय." मी त्याला पुन्हा दाखवायला लावलं. चढाईवाला निदानरेषा ओलांडून बोनसच्या नादात पाय लांबवतो तेव्हा वजन कुठल्या पायावर असतं, कोपऱ्यानं घोटा कधी धरायचा, धरल्यावर बाकीच्यांनी किती झटकन कोंडाळं करायचं. तासभर मी विद्यार्थी आणि तो मास्तर.

घरी जाताना लक्षात आलं, खो-खोत आम्हीही हेच करायचो. पाठलाग करणारी कुठल्या बाजूला वळणार ते तिच्या खांद्यावरून कळतं, चेहऱ्यावरून नाही. त्या दिवसापासून कबड्डीची भीती गेली. पोरांचं ऐकायचं आणि त्यांना जे येतं त्याला शिस्त लावायची, एवढंच काम. सरावाची वेळ, पायाचा व्यायाम, दुखापत झाली तर लपवायची नाही, सामन्यात पंचाशी हुज्जत कर्णधारानंच घालायची. पहिली तीन वर्षं आम्ही पहिल्या फेरीत हरलो, हेही सांगून ठेवते.

व्हॉलीबॉल मात्र असं ऐकून जमेना. २००८च्या उन्हाळ्यात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स केला. कुर्डुवाडीहून दौंड, दौंडहून झेलम एक्सप्रेसनं अंबाला, पुढं बस. दीड वर्षाची मुलगी आईकडे ठेवून गेले. जाणं-येणं, फी, राहणं-खाणं धरून माझे जवळपास पाच महिन्यांचे मानधन गेले. मोतीबाग राजवाड्यातली ती संस्था, बाहेर ४४ अंशांचं ऊन, आणि सकाळी सहाला मैदानावर. माझी खोलीतली मैत्रीण मणिपूरची, फुटबॉलवाली. आम्हा दोघींचंही हिंदी बेताचं, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. तिथल्या प्रशिक्षकांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, चेंडू बघू नका, सेटरचे (चेंडू उचलून देणाऱ्याचे) खांदे बघा. मी खाली मान घालून हसले.

हा कोर्स भरतीत सक्तीचा नाही. पण जो खेळ आपण खेळलो नाही, त्याच्या मुलांसमोर उभं राहायचं तर कुठं तरी जाऊन शिकावंच लागतं. जमलं तर लग्नाआधी, नाहीतर मूल थोडं मोठं झाल्यावर करा. मी मध्येच केला, ते सहा आठवडे अजून टोचतात.

आता एक चूक, माझी स्वतःची. २०१२. आंतरमहाविद्यालयीन खो-खो, यजमान कॉलेज साठ किलोमीटरवर. माझ्या संघात बारा मुली. पात्रता अर्जाबरोबर दहावीची सनद, बारावीचं गुणपत्रक, प्रवेशाची पावती, ओळखपत्र जोडायचं असतं. एका मुलीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. प्रवेश घेताना तिनं सासरचं नाव लावलं, सनदेवर माहेरचं. मी अर्ज घाईत भरला, दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून बघितलेच नाहीत. तपासणीच्या टेबलावर विचारलं, "ही आणि ही एकच मुलगी कशावरून?" माझ्याकडे उत्तर होतं, कागद नव्हता. तिला बाहेर बसवलं. आमची सगळ्यात चपळ पळणारी पोरगी दिवसभर रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. सासऱ्यांची परवानगी तिनं एवढ्या एका स्पर्धेपुरती काढली होती. पुढच्या वर्षी ती कॉलेजला आलीच नाही.

त्या आठवड्यात मी स्वतःचं लग्नानंतरचं नाव राजपत्रात प्रसिद्ध करून घेतलं. २००६ला लग्न झालं होतं, सहा वर्षं टाळलं होतं.

सेटबद्दल. नेट किंवा सेट नसेल तर अर्ज विचारातच घेत नाहीत (पीएच.डी.वाल्यांचे नियम वेगळे). मी दोनदा आपटले. कारण साधं होतं, सकाळी सहा ते आठ मैदान, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि अभ्यास झोपेतून चोरलेला. नोव्हेंबर २०१८मध्ये शासनानं रिक्त जागा भरायला परवानगी दिली. सहायक प्राध्यापकांच्या ३,५८०, आणि आमच्या, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालकांच्या, अख्ख्या राज्यात १३९. तेरा वर्षं ज्या दाराबाहेर बसले ते दार उघडलं तेव्हा माझ्या हातात सेट नव्हती. त्या रात्री मी नवऱ्याशी उगीचच भांडले.

२३ जून २०१९ची सेट दिली. तोवर तिसरा पेपर रद्द झालेला होता. पहिला ५० प्रश्नांचा, १०० गुण, दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोळा रिकामा सोडू नका. पण नुसते पासापुरते गुण मिळवून भागत नाही, बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात. पहिल्या पेपरकडे आपली मंडळी दुर्लक्ष करतात, मीही करत होते. यावेळी मुलीच्या आठवीच्या पुस्तकातून टक्केवारी आणि आलेख पुन्हा शिकले. तिनंच शिकवले खरं तर. झाले पास.

जाहिरात विधानसभेच्या आचारसंहितेत अडकली आणि नोव्हेंबरात आली. त्याआधी बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याची यादी) तपासून घेणं, ना हरकत प्रमाणपत्र आणणं ही संस्थेची कामं. उमेदवाराच्या हातात काही नसतं, पण कॉलेज ऑफिसातल्या भाऊसाहेबांना दर पंधरवड्याला विचारत राहा. अर्जाला पंधरा दिवस होते.

आणि इथं ती घडी आली. पात्रतेत एक अट आहे, तुम्ही विद्यापीठाकडून, कॉलेजकडून किंवा राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा पुरावा. पत्र्याची पेटी काढली. २०१६च्या पावसाळ्यात आईचं छत गळलं होतं. प्रमाणपत्रावर शिक्का ठळक, सही ठळक, आणि नावाच्या जागी निळा डाग. तिथं कुणाचंही नाव असू शकलं असतं.

दुय्यम प्रत मिळवायला विद्यापीठात तीन खेपा. पहिल्या खेपेला संबंधित टेबल रजेवर. दुसऱ्या खेपेला सांगितलं, अर्ज, १०० रुपयांच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र आणि जुन्या कॉलेजचं पत्र आणा, रजिस्टर गोदामात आहे. तिसऱ्या खेपेला मी डबा घेऊनच गेले. दुपारी एक वयस्कर गृहस्थ धूळ झटकत रजिस्टर घेऊन आले. १९९९-२०००, खो-खो महिला. टंकलेखन केलेली यादी, सातव्या क्रमांकावर माझं माहेरचं नाव, समोर शाईनं "टी.ए. दिला", म्हणजे प्रवासभत्ता. मी त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला. त्यांनी विचारलं, "काय पोझिशनला होता?" मी म्हटलं, "पहिल्या तुकडीत पळायचे." ते म्हणाले, "मग लवकर बाद होत असाल." बरोबर होतं ते. तीन खेपांचा एसटीचा खर्च, नोटरी, झेरॉक्स, फी मिळून दीड हजाराच्या आत भागलं, पण त्यात अकरा दिवस गेले. अर्ज शेवटच्या दिवशी, हातोहात.

छाननीच्या यादीत माझ्यापुढे शेरा: "नावात तफावत." राजपत्राची प्रत घरी होती आणि अर्जाला जोडायची मी विसरले होते. त्रुटी पूर्ण करायला सात दिवस होते. पोच घेऊन दिली. पोचेवर तारीख आणि सही असल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुलाखत फेब्रुवारी २०२०मध्ये. आदल्या सकाळी शारीरिक क्षमता चाचणी. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त घाबरवतात आणि हीच सगळ्यात सोपी आहे. बायकांना ८ मिनिटं धावा किंवा चाला: तिशीपर्यंत १,००० मीटर, चाळिशीपर्यंत ८००, पंचेचाळिशीपर्यंत ६००, पन्नाशीपर्यंत ४००. पुरुषांना १२ मिनिटं, १,८००, १,५००, १,२०० आणि ८०० मीटर. चाचणीआधी तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते आदल्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका. सरकारी दवाखान्यात माझी अर्धी सकाळ रांगेत गेली.

माझा चाळिसावा वाढदिवस डिसेंबरात, म्हणजे जाहिरात आणि चाचणीच्या मधोमध. मग टेबलावर चर्चा, बाईंना ८०० लावायचे की ६००? नियमांची पानं उलटली, चष्मे वर-खाली झाले. मी म्हटलं, "सर, २०० मीटरचा ट्रॅक आहे, मी चार फेऱ्या मारते. मग तुम्ही कुठलाही आकडा धरा." भरभर चाललं तरी पुरतं एवढं ते अंतर. तरी आदल्या रात्री झोप नव्हती. धावायची भीती नव्हती. आमच्याच कॉलेजचं मैदान, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत माझीच मुलं. तिसऱ्या फेरीला कुणीतरी वरून ओरडलं, "मॅडम, कंबर!" मला हसू आलं आणि दम तुटला. चौथी फेरी निम्मी चालत पुरी केली.

सहा उमेदवार होतो. त्यातली एक राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिचं क्रीडा रेकॉर्ड माझ्याहून सरस होतं, हे मुलाखतीला बसायच्या आधीच मला माहीत होतं.

मुलाखतीत कुलगुरूंचे प्रतिनिधी, शासनाचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, संस्थेचे लोक, प्राचार्य. विषयतज्ज्ञांनी विचारलं, "कबड्डीचं मैदान काटकोनात आहे की नाही कसं ओळखाल?" मी म्हटलं, "कर्ण मोजून. १६ मीटर ४०, दोन्ही बाजूंनी." पुढचा प्रश्न व्हॉलीबॉलचा, मग मुलींच्या कबड्डीचा. स्टोअरचं दार डोळ्यांसमोर होतं. बाकी शरीरक्रियाशास्त्रावरचे दोन प्रश्न मला आले नाहीत आणि तसं मी सांगितलं.

लोक खासगीत विचारतात, "किती दिले?" आमच्या इथं मागितले नाहीत. २००९ला दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीआधीच आकडा सांगितला होता, तेव्हा समोर ठेवलेला चहा तसाच सोडून उठले होते. एवढंच लिहिते.

नियुक्तिपत्र मिळालं, ५ मार्च २०२०ला रुजू झाले. मूळ वेतन ५७,७००, कागदावर. मान्यतेचा प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला आणि तीन आठवड्यांत देश बंद झाला. ४ मेला शासनाचा नवीन भरती बंद करणारा आदेश आला. तो मी पीडीएफमध्ये इतक्यांदा वाचला की अजून पाठ आहे. भाऊसाहेब फोनवर म्हणायचे, "मॅडम, तुमची ऑर्डर आधीची आहे, जीव घालवू नका." पण गंमत बघा, पर्मनंट झाले म्हणून जुनं मानधन बंद, आणि मान्यता नाही म्हणून पगार नाही. जवळपास वर्षभर घरात एका पगारावर. तुमची ऑर्डर निघाली की त्या दिवसापासून निदान सहा महिन्यांची सोय गृहीत धरूनच चाला. बाकीची मंडळीही उशिराच्याच गोष्टी सांगतात.

मान्यता जानेवारी २०२१मध्ये आली. मग सहसंचालक कार्यालय, वेतननिश्चिती, जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, प्राण क्रमांक (निवृत्तिवेतनाच्या खात्याचा), सेवार्थमध्ये (सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीत) नोंद. प्रत्येक कागदाचे चार संच करा, साक्षांकित. एप्रिलमध्ये पहिला पगार थकबाकीसकट जमा झाला. मेसेज आला तेव्हा मी भाजीच्या गाड्यावर होते. कोथिंबिरीची जुडी घेतली, पैसे दिले, घरी येऊन मग रडले.

आता नव्या वर्षी मुलं पहिल्यांदा मैदानावर येतात तेव्हा मी कुठला खेळ ते नंतर विचारते. आधी सनद. वहीत सनदेवरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव, शेजारी-शेजारी. मुलींना सांगते, प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी फोटो काढून मला पाठवा, पेटीत नंतर टाका. गेल्या चार वर्षांचे माझ्याकडे साडेतीनशेच्या वर फोटो आहेत. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वहीत एकोणीस नवी नावं पडली. त्यातल्या चौघींच्या कागदात तफावत निघाली. दुरुस्त्या चालू आहेत.

दीड वर्ष बंद पडलेलं मैदान मात्र २०२१च्या पावसाळ्यानंतर उघडलं. गाजरगवत कमरेइतकं. तीन दिवस काढत होतो, मी, मामा आणि आलेली आठ-दहा पोरं. मग दोरी घेतली. दीड वर्षात सवय मोडली होती, मामांचे गुडघेही दुखायला लागलेले. कबड्डीचं मैदान आखलं, टेप लावला. एक कर्ण १६.२८, दुसरा १६.५२.

"सरळच आहे की मॅडम," मामा म्हणाले.

फक्की पुसली आणि पहिल्या खिळ्यापासून पुन्हा सुरुवात केली.